हमीदाबीसाठी दुवा

मंगळवार, संध्याकाळ. कोपरगाव.

डोकं अजून तापलेलंच आहे. बेघर निवाऱ्यातल्या शेवंताबाईची सोबतीण हमीदाबी गेल्या आठवड्यात वारली. दोघींनी स्टँडवर अकरा वर्षं एकाच पांघरुणात काढली होती. तिच्यासाठी कुणीतरी दुवा मागावी, एवढंच शेवंताबाईचं म्हणणं. मी दर मंगळवारी निवाऱ्यातल्या लोकांशी बोलायला जाते, म्हणून मला सांगितलं. आज शेजारच्या रफिकचाचांना घेऊन गेले, तर व्यवस्थापक फाटकातच आडवे.

"मॅडम, इथं धार्मिक काही चालत नाही."

मग निवाऱ्यातलं गुरुवारचं भजन? ते म्हणे संस्कार! मी भांडले. उपयोग शून्य. आणि ते भजन सुरू केलं मीच. तेव्हा हमीदाबीला काय हवं, हे विचारलं होतं का मी? नाही.

शेवटी शेवंताबाईच फाटकाबाहेर आली. रस्त्याकडेला बसून चाचांनी फातिहा पढला. ती हात जोडून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चाचा, आता माझ्या नावानं बी म्हना. मी गेल्यावर कोन म्हननार हाय?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा हात उचलले.