चौदा नंबरची रायफल

नगर, गुरुवार संध्याकाळ, फेब्रुवारी १९७२

आज चांदमारीवर पुन्हा लाल झेंडी. झेंडी हलली म्हणजे गोळी फुकट, आणि माझ्या पाचही गोळ्यांना ती हलली. मी नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांना सरळ सांगितलं, ही चौदा नंबरची रायफलच वाकडी आहे. तीच रायफल त्यांनी घोडेगावच्या शिंदेच्या हातात दिली. त्याच्या पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत! एकदाही झेंडी नाही. रायफल तीच, गोळ्या त्याच पेटीतल्या, वारासुद्धा तोच. मग माझ्याच हातात काय होतं तिला?

"आता तू घे," उस्ताद म्हणाले आणि गोळी स्वतः भरून दिली. मी दम रोखून चाप ओढला. नुसतं कट्ट. आत रिकामं काडतूस होतं. बार नाही, धक्का नाही, तरी नळी झपकन खाली गेली. साऱ्या रिक्रुटांनी पाहिलं.

"बार व्हायच्या आदीच भितोस की रं," शेजारी पडलेला शिंदे हळूच म्हणाला. "डोळंबी मिटतोस."

पंधरा दिवसांत तीन रायफली बदलून घेतल्या मी, तिन्हींना शिव्या घातल्या. उद्या शेवटची चांदमारी. झेंडी हलली तर पोलिसाची वर्दी उतरवून जामखेडला परत. आबांना काय सांगू? डोळे उघडे ठेवता येत नाहीत म्हणून?

मघाशी बराकीत शिंदेला म्हटलं, माझ्या कानाशी टाळी वाजव, सवय करतो. त्याने नुसते हात उचलले आणि माझे डोळे मिटले.

टाळी त्याने वाजवलीच नाही.