मूठ हलते

मोहाडी, दसऱ्याला चार दिवस, १९८१

दादानं आखाड्यासाठी नवी तलवार आणली. माझा सख्खा मोठा भाऊ, त्यात दुकानदार. सगळ्यांसमोर माझ्या हाती दिली. आखाड्यातल्या जुन्या तलवारीची हुबेहूब नक्कल, म्हणे. पातं आरशासारखं, बाक सुरेख. मी एकदाच झटका दिला आणि मुठीतून खट् आवाज आला.

"मूठ हालून राहिली, दादा."

"नवी आहे, बसन हळूहळू. चमक पाय ना!"

सगळे चमकच पाहत होते. मीही मान डोलावली. काहून? वस्ताद कोण, तो की मी?

घरी येऊन मूठ गरम पाण्यात धरली. आत पातं चिकटवणारी लाख सुटली आणि पातं हातात आलं. मुठीत शिरणारी दांडी जेमतेम दोन बोटं लांब! दसऱ्याच्या खेळात गरगर फिरवताना सुटलं असतं तर? पुढच्या रांगेत लेकरं बसतात. तो खट् आवाज कानातून जात नाही.

उद्या दोन्ही तुकडे घेऊन दुकानात जाणार. गिऱ्हाइकांसमोरच सांगणार: पूजेले ठेव तुझी तलवार. फिरवाचीच म्हणशीन, तर जोडून फिरवतो. पण तू वहिनीले घेऊन पहिल्या रांगेत बस.