एस. मुकादमचा वीकनेस

…आणि उजव्या बाहीत अकरा टाचण्या आहेत, म्हणून हे डाव्या हाताने लिहितो आहे, अलीमामू. तुमचा कोट मला चार बोटे लांब होतो. सायरा बाही टाचून रस्सा बघायला गेली, आणि जाताना हलायचे नाही असे बजावून गेली. सलाम घ्यावा. तब्येत कशी आहे? मामीचा गुडघा? त्यांनी मोरा बंदराच्या धक्क्यावर रोज चढउतार करू नये असे मला वाटते, पण हे मी म्हटल्याचे त्यांना सांगू नका. (फोनच केला असता. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही.)

तुमच्या शब्दामुळे काशिरामशेठांच्या गोदामातून बोलावणे आले. एस. मुकादम यांनी सोमवारी अकरा वाजता मुलाखतीस यावे. जागा सुपरवायझरची; गाड्या वेळेवर भरून सोडायच्या, ड्रायव्हर आणि हमाल यांना सांभाळायचे. मस्कतहून परत येऊन सात महिने झाले. ही जागा गेली तर पुन्हा तिकडे जावे लागेल, आणि हादिया यंदा दहावीला आहे. म्हणून तयारी. मस्कतला अकरा वर्षे काढली, पण तिथे माझी मुलाखत कोणी घेतली नव्हती. पासपोर्ट तेवढा घेतला होता.

हादियाने सायबर कॅफेतून पन्नास प्रश्न छापून आणले. सायरा जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे बसली, ओढणी नीट केली, आणि मामू, ती साहेब झाली. मी उभाच राहिलो. बसा म्हणाली तेव्हा बसलो. (माझ्याच घरात, मीच घेतलेल्या खुर्चीवर.) पहिले काही प्रश्न बरे गेले. मग तिने विचारले, तुमचा वीकनेस काय? मी खरे ते सांगितले. अल्लाच्या कृपेने आता नाही, मलेरियानंतर होता, दोन सलाईन लावल्या तेव्हा गेला. हादिया हसून टेबलाखाली गेली. "अब्बू, अंगातला नाही, स्वभावातला!" म्हणाली.

स्वभावातला मला सुचेना. सायराने कागद उलटा ठेवला आणि सांगू लागली. नाही म्हणायचे असते तेव्हा हे 'बघू' म्हणतात. दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जातात. हरवलेली वस्तू न शोधता तिचे नाव मोठ्याने घेतात. आवाज चढला नाही, थांबली नाही. मी वर्षातून एक महिना घरी येत असे, म्हणजे अकरा वर्षांत अकरा महिने. तेवढ्यात हिने माणूस पूर्ण वाचला होता. मी तिच्याकडे बघत बसलो. मशिदीत पहिल्यांदा मान वर करून घुमट पाहिला होता, तेव्हा असा बसलो होतो.

मग हादियाने आमच्या खुर्च्या बदलल्या. कागद माझ्या हातात आला. मी विचारले, एखादा कठीण प्रसंग सांगा. सायरा म्हणाली, तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या इमारतीला चार दिवस पाणी नव्हते. टँकर शेजारच्या इमारतीत शिरत होता. मी दोन्ही फाटकांच्या मधे खुर्ची टाकली आणि ड्रायव्हरला चहा दिला. चहा होईपर्यंत दोन्ही इमारतींची माणसे बोलावली. अर्धा टँकर त्यांना, अर्धा आम्हाला. भांडण झाले नाही. त्यानंतर तो ड्रायव्हर आधी मला विचारून गाडी लावतो.

(मस्कतला मला फोनवर एवढेच कळले होते की पाणी ठीक आहे.)

पुढचा प्रश्न मी विचारला नाही. गरज नव्हती.

मामीला सलाम. कोट जपून परत करीन.

तुमचा भाचा,
शाहीद

ता. क. टाचण्या काढल्या. आता उजव्या हाताने लिहितो. कोट लागणार नाही.

ता. क. दुसरा, आणि पत्र यासाठीच लिहिले. बोलावण्यात एस. मुकादम एवढेच आहे. शाहीद कुठेही लिहिलेले नाही. सोमवारी सायरा आली तर काशिरामशेठांनी दचकू नये, एवढे त्यांना भेटून सांगा. सायराशी अजून बोललेलो नाही.

रविवार, सकाळ. पत्र टेबलावर राहिले होते; आजच हादियाच्या हाती पाठवतो आहे. सायराने वाचले. 'बघू' म्हणाली नाही, 'हो' म्हणाली. तेवढ्यात बेल वाजली. दार मी उघडले. दूधवाला होता.