अंगठ्याचं नख

बदनापूर, मंगळवार, दिवेलागणीला

कपाशीच्या बियाणं-प्लॉटात संध्याकाळी मादीच्या कळ्या सोलून आतले पुंकेसर काढायचे, सकाळी त्यांना नराचा पराग लावायचा. नराची ओळ सोलायची न्हाई, हे मला आईनंच शिकवलं. अन् काल तिनं नराचीच ओळ सोलली!

आज तिला डॉक्टरला दाखवलं. म्हणले, "वडील गेल्यापासूनची आईंची उदासी ही मेंदूतल्या बदलाची, विसरण्याच्या आजाराची सुरुवात असू शकते. उदासीला औषध आहे, चालू करू." मी आपली समजून राह्यले, दुःख हाय, सरंल.

कळी सोलायला आई अंगठ्याचं नख वाढवायची. आत्ता बघितलं, पार कापलेलं. तरीच हल्ली तिच्या हातनं कळ्या फाटायच्या.

"नख कधी काढलंस गं?"

"तुझे अण्णा गेले, त्याच दिशी. तवापासनं वाढू दिलंच न्हाई."

कालची ओळ तिला आठवत न्हाई. हे बराबर आठवतं.