फोटोतली माझी सावली

२९ जानेवारी
शैलेश गेला. काल संध्याकाळी, गव्हाणच्या पुढच्या वळणावर. सगळे म्हणतात, रेल्वेगाड्यांचे फोटो काढायला एकटाच गेला होता. मीही मान हलवली. मान!

३१ जानेवारी
ऑफिसला दांडी. आई म्हणाली, "स्वानंद, दोन घास तरी खा." उतरत नाहीत.

त्या संध्याकाळी कंटेनरची मालगाडी पनवेलकडून यायची होती. ऊन अगदी खाली आलेलं — तसा उजेड पाच-सात मिनिटंच टिकतो. म्हटलं, गाडी येईपर्यंत शैलेशचा एक काढू. "मागे हो. अजून थोडा." तो हसत मागे सरकला, थेट रुळावर. जासईकडून नुसतं इंजिन आलं. डबे नाहीत, खडखड नाही. मी डोळा कॅमेऱ्याला लावून उभा!

२ फेब्रुवारी
शैलेशच्या आईचा, दमयंतीकाकीचा फोन. "बाराव्याला फोटू लागंल. तुज्याकं असंल ना येखादा चांगला?"
माझ्याकडे तीनशे इंजिनं आहेत. शैलेशचा एकच फोटो. तोच.

४ फेब्रुवारी
कार्डातली फाइल उघडली. चेहरा उजळला, कमी उजेडाचे रवाळ दाणे कमी केले. मग खाली गवतावर बघतो तर माझी सावली! लांबलचक, त्याच्या पायांपर्यंत. हात वर — त्याला मागे जा म्हणणारा.

शेजारचं गवत उचलून सावलीवर लावत बसलो. तुकडा तुकडा. तीन तास. रूळही कापून टाकले. काम इतकं साफ झालं की माझी मलाच किळस आली.

५ फेब्रुवारी
फोटो फ्रेम करून दिला. "मागच्या वर्षीचा आहे," म्हणालो. काकीने पदराने काच पुसली. "कवरा हसतंय बग."
खोटारडा!

८ फेब्रुवारी
बारावं झालं. पानं उठल्यावर काकीने मला ओटीवर बोलावलं. फोटोतल्या शर्टावर बोट ठेवलं.
"ह्या शर्टाची घडी त्यानं त्याच दिशी मोडली. मीच काढून दिलता."
वाटलं, आता थोबाडीत देणार. द्यायलाच हवी होती. तिने माझा हात धरला.
"म्हंजे तू व्हतास. बरा झाला रं. माजा पोर एकला नव्हता."
मग हळूच — "शेवटाला काय बोल्ला?"

तो हाका मारत होता. मी पळालो होतो.