गारगोडाचे दिवस

३ फेब्रुवारी, मंगळवार

बिस्किटं कुटली. फडक्यात घट्ट बांधून वरून लाटणं — म्हणजे चुरा उडत नाही, वायाही जात नाही.

मुलगा सकाळीच ओट्यावर पिशवी ठेवून गेला. स्ट्रॉबेरी, दोन संत्री, चॉकलेटच्या दोन वड्या, सायीचा डबा. तोंडातून शब्द नाही. लागतही नाही. पिशवी आली की मी पदर खोचते.

काल संध्याकाळी सुनेला मारलं त्याने. कारण काय, तर डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं आणि भाजीचं तेल आगारातल्या कागदांवर सांडलं. बसगाड्यांची वेळापत्रकं करतो तो, कागदाला डाग पडलेला खपत नाही. घरी आला, आधी डबा स्वच्छ घासला, पालथा घातला, हात पुसले. मग तिच्या खोलीत गेला.

पहिली थप्पड ऐकली आणि मी मिक्सर लावला. रिकामाच. नेहमीसारखा. खालच्या मजल्यावर शिवणवाली राहते, तिचे कान फार तिखट.

मिक्सर घरघरत होता आणि भिंतीवर तिचं डोकं आपटत होतं. मला दोन्ही वेगवेगळं ऐकू येत होतं. बाहेर मात्र फक्त मिक्सर.

हिशेबाची वही सगळ्यांना दिसते. ही कुणाला दिसत नाही, म्हणून लिहिते.

४ फेब्रुवारी, बुधवार

गारगोड सुरेख बसलं. खाली बिस्किटांचा थर, वर चॉकलेट, मग फेटलेली साय, सायीवर फळं. चार तास फ्रिजमध्ये. सुरी गरम पाण्यात बुडवून कापलं की थर सरळ दिसतात.

नाव मुलानेच ठेवलेलं, सात वर्षांचा असताना. ह्यांनी पट्ट्याच्या बक्कलने त्याचा ओठ फाडला होता. दुसऱ्या दिवशी स्वतःच चॉकलेट आणि फळं घेऊन आले. म्हणाले, "गार काहीतरी कर, पोराला गरम झेपायचं नाही." मी आपले सुचेल तसे थरावर थर लावले. पोराने पहिला चमचा घेतला. ओठातून रक्त आणि चॉकलेट एकदमच ओघळलं. म्हणाला, "आई, किती गारगोड!" आम्ही हसलो. तिघेही हसलो!

तेव्हापासून ह्यांचा नियम — पहिला चमचा मार खाल्लेल्याचा. चमचा तोंडात गेला की विषय संपला. पुन्हा काढायचा नाही. कधी पोराचा पहिला चमचा, कधी माझा. हे जाऊन नऊ वर्षं झाली. नियम आहे तिथेच आहे.

सुनेने पहिला चमचा घेतला. डाव्या बाजूने चावते आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

सून चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. डोळ्याखालचं काळंनिळं दिसू नये म्हणून तिथलाच नमुन्याचा काळा चष्मा लावून उभी असते. आज येऊन सांगत होती, "आई, एक बाई अडूनच बसल्या! म्हणाल्या, मला दुसरा कुठलाच नको, तुम्ही घातलाय तोच काढून द्या!" बोलता बोलता हसली आणि गाल धरून खालीच बसली. हसताना दुखतो.

जिन्यात शिवणवाली भेटली. "काय हो, तुमच्याकडे मिक्सर भारी चालतो! एवढं वाटता तरी काय? वास तर कसलाच येत नाही!"

म्हटलं, "दात राहिले नाहीत. सगळं बारीकच लागतं."

"सुनेचे की तुमचे?" म्हणाली. आणि सुईत दोरा ओवताना बघतात तसं माझ्याकडे बघत राहिली.

१५ फेब्रुवारी, रविवार

जप केला. मणी मोजले, नाव एकदाही आलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काल पुन्हा. या वेळी करंगळी. दारात धरून दार लोटलं. तिने फोनवर बहिणीला "तुझ्याकडे यावंसं वाटतं" एवढंच म्हटलं होतं.

मिक्सर इतका वेळ चालला की जळका वास सुटला.

आज चॉकलेट वितळायला ठेवलं होतं — खाली पातेल्यात पाणी, वर कोरडं भांडं — तेवढ्यात तिच्या करंगळीला बर्फ लावून द्यायला गेले. परत आले ती तशाच ओल्या हाताने. दोनच थेंब पडले आत. झालं! सगळ्याचा खरखरीत गोळा. तीस वर्षांत कधी नाही झालं असं. टाकायचा जीव होईना. गरम दूध घालून घोटत बसले, आला कसाबसा ताळ्यावर.

संध्याकाळी सगळे टेबलाशी. मुलगा तिच्या ताटलीकडे बघत बसला, चमचा उचलेपर्यंत. तिने उचलला. मग त्याने स्वतःचा. नंतर छान गप्पा मारल्या त्याने. नातीला पाठीवर घेऊन घरभर घोडा झाला. असा असतो ना, तेव्हा वाटतं, हाच खरा माझा.

भांडी घासताना सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही यात काय घालता हो? एकदा खाल्लं की मला काही बोलताच येत नाही."

मी नळ मोठा सोडला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

नातीच्या शाळेतून बोलावणं. आईवडील कामावर, म्हणून मी गेले. नात सात वर्षांची. एका जागी पाय ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. वाटलं, कुणाला तरी पाडलं असेल.

बाईंनी एक कागद पुढे केला. मुलांना 'आमच्या घरचा पदार्थ' लिहायला दिला होता. तिचं अक्षर सुंदर. माझ्यावर गेलंय.

"गारगोड. कृती. १. आधी बाबा आईला मारतात. २. आजी मिक्सर लावते, त्यात काही नसते. ३. सकाळी बाबा फळे आणि चॉकलेट आणतात. ४. आजी थर लावते. ५. गार होईपर्यंत कोणी बोलत नाही. ६. पहिला चमचा आईचा. मला गारगोड खूप आवडते. चॉकलेटची चांदी मी जपून ठेवते. माझ्याकडे अकरा झाल्या."

चांदी टाकू नकोस, कशाला तरी उपयोगी पडेल, हे मीच शिकवलेलं.

बाई म्हणाल्या, "आजी, हे खरं आहे का?"

"पोरं काय, काहीही लिहितात! टीव्हीवर बघतात."

 बाई लाल पेन उघडून म्हणाल्या, "मग पहिली पायरी खोडू?"

"खोडा," म्हणाले मी.

बोलले मी असं. देवा, याच तोंडाने तुझं नाव घेते!

खोडली नाही त्यांनी. पेनाला टोपण लावलं आणि कागद त्यांच्या कपाटात ठेवला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात जे गोड होतं ते आधी देवापुढे ठेवते. गारगोड आजवर एकदाही ठेवलं नाही. ठेवू नये हे हाताला ठाऊक होतं. मला कसं नव्हतं?

३ मार्च, मंगळवार

डाव्या हाताने लिहिते आहे. वेडंवाकडं येतंय, येऊ दे. सगळं लिहायचंच.

रविवारी दुपारी मुलगा बाहेरून आला. शीळ घालत. हातात पिशवी. ओट्यावर काढून ठेवलं — स्ट्रॉबेरी, संत्री, चॉकलेट, साय. "आई, साय फ्रिजमध्ये टाक. उद्या लागेल."

उद्या! आणि आज कुणाला काही झालंच नव्हतं. दहा दिवस त्याने आवाजसुद्धा चढवला नव्हता. सून भिंगरीची वेणी घालत होती, दोघी कशावरून तरी खिदळत होत्या.

भिंगरीने पिशवी बघितली. हसायची थांबली. अर्ध्या वेणीने उठली, आईच्या पर्समधून काळा चष्मा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. पुन्हा पाठ करून बसली.

इतकी वर्षं म्हणत आले — त्याचा राग त्याला आवरत नाही, बापावर गेलाय, बिचारा नंतर किती पस्तावतो! रागाला उद्याची साय आज आणायचं कळतं होय? याने तर दिवस ठरवला होता, गाड्यांच्या वेळा ठरवतो तसा.

मुलगा अंघोळीला गेला. मी सुनेला म्हटलं, "भिंगरीच्या फ्रॉकचं माप द्यायला खाली जा. दोघी जा. पर्स घे. तुझे कागद घे."

"आत्ता? कसले कागद, आई?"

"माप देऊन वर यायचं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. जिना उतरताना चपलांचा आवाज येऊ नये म्हणून दोघींनी त्या हातात घेतल्या होत्या.

मी चॉकलेट वितळायला ठेवलं. हाताला काहीतरी काम हवं होतं.

तो आला, केस पुसत. "कुठे आहेत?"

"गेल्या."

"कुठे?"

"मला माहीत नाही. आणि तू विचारायचं नाहीस."

आधी हसला. मग टॉवेलाची घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली. माझे केस धरले — मी पोटात वाढवलेल्या हाताने! — आणि तोंड ओट्यावर आपटलं. एकदा. दोनदा. पुढचा दात जिभेवर आला. शेगडीवरचं भांडं कलंडलं, कढत चॉकलेट उजव्या हातावर. चॉकलेट पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतं. हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

मिक्सरचं बटण नाकासमोर होतं. डावा हात मोकळा होता.

नाही लावला.

ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ह्यांच्या पट्ट्याखालीसुद्धा कधी ओरडले नव्हते. असा आवाज माझ्या अंगात आहे हेच मला ठाऊक नव्हतं! सगळा जिना धावत आला, पुढे शिवणवाली, हातात कापडाची मोठी कात्री. म्हणाली, "सोड त्यांना. बोटं मोजून कापीन." त्याने सोडलं. सगळ्यांच्या मधून खाली मान घालून निघून गेला. जाताना टॉवेल उचलायला विसरला नाही.

सून आणि भिंगरी शिवणवालीच्या नणंदेकडे आहेत. पत्ता मी विचारलाच नाही. अजून मार पडला तर सांगून बसेन.

शिवणवाली दोन दिवस पाठीस लागली आहे, "तक्रार द्या." म्हटलं, बघू. पोटचा आहे गं. तिने पट्टी बदलली.

५ मार्च, गुरुवार

सकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली. स्ट्रॉबेरी, संत्री, चॉकलेट, साय. चिठ्ठी — "आई, पहिला चमचा तुझा."

पिशवी उघडून ही वही आत ठेवते आणि दोन्ही ठाण्यात नेते. साहेब, पहिल्या पानापासून वाचा. मिक्सर मी लावत होते. तेही लिहून घ्या.