पहारेकऱ्याचा प्रवेश

प्रिय बारक्या,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, त्यावर फार विसंबू नकोस.

नाटक कसं वाटलं म्हणून तू फोनवर विचारलंस आणि पुठ्ठे कापायच्या कटरवर काम चालू आहे असं सांगून मी फोन ठेवला. कटर बंद होता. दुकानात बाबांसमोर तोंड उघडणं मला शक्य नव्हतं, म्हणून लिहिते आहे. पत्र शेवटपर्यंत वाच. तुझ्या त्या नाटकातला पहारेकऱ्याचा प्रवेश काढून टाक, एवढं एकच मला सांगायचं आहे, पण तेवढ्यावर तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

डोंगरराजा दरोडेखोराचं काम तू छान करतोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ताई जळते म्हणायला जागा नको. खांद्यावर बंदूक टाकून डोंगरराजा पायऱ्या उतरतो तेव्हा शिट्ट्या पडतात, माझ्याही अंगावर काटा आला. श्रीमंताला लुटलं, गरिबाला वाटलं, परक्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही, निःशस्त्र माणसावर हात टाकला नाही. मला हे सगळं तुझ्याआधीपासून पाठ आहे. वाचनालयातून आपल्याकडे बांधायला येणाऱ्या पुस्तकांत डोंगरराजाचीच पुस्तकं सगळ्यात खिळखिळी असायची, इतकी ती वाचली जायची. खळीच्या डब्याशेजारी पालथा पडून तू ती वाचायचास, आणि बाबा ‘पान दुमडू नको’ एवढंच म्हणायचे, तेही अडखळत. पुस्तक त्यांनी तुझ्या हातातून कधी काढून घेतलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर फाडून टाकलं असतं.

दुसऱ्या अंकात तो गोदामाचा पहारेकरी येतो. तुझा तो जाड्या मित्र. त्याचे पाय लटपटतात, किल्ल्यांचा जुडगा हातातून पडतो, ‘म-म-महाराज’च्या पुढे गाडी जात नाही. किल्ल्या देऊन मोकळा होतो, वर तू एक ठेवून देतोस, तो गिरकी घेऊन पोत्यांवर कोसळतो आणि लोक पोट धरधरून हसतात. माझ्या पुढची बाई तर रुमालाने डोळे पुसत होती.

आईने जाण्याआधी आपल्या दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. विसरला असशील तर परत ऐक. त्या गोदामाचे खरे पहारेकरी आपले बाबा, आणि त्यांनी किल्ल्या दिल्या नाहीत. गोदाम मालकाचं असलं तरी धान्य कामगारांना वाटायचं होतं, आणि हेच बाबा डोंगरराजाला हात जोडून समजावत होते. त्यांच्या हातात कंदील होता आणि गळ्यात शिट्टी, हीच काय ती शस्त्रं. तुझ्या राजाने बंदुकीचा दस्ता त्यांच्या जबड्यावर घातला, कुलूप फोडलं आणि माल नेला. मालकाचं काय बिघडलं? त्याने कामगारांचं धान्य बंद केलं आणि हात झटकले. राजाने वरच्या वस्त्यांत पोती वाटली हेही खोटं नाही. कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी अजून सांगतात, त्या पोत्यावर आमची धाकटी भावंडं जगली म्हणून. जगली, बरं झालं, मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण एका गरिबाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला भरवायचा, आणि मधे उभा राहील त्याचं तोंड फोडायचं, याला मोठं मन म्हणायचं असेल तर मी कोत्या मनाचीच बरी. गरिबाला हात लावत नव्हता म्हणे! मग आपले बाबा काय सावकार होते?

तू त्यांचा जुना आवाज ऐकलाच नाहीस. तुझा जन्म नंतरचा. गस्तीला निघाले की त्यांची हाक मागच्या गल्लीपर्यंत जायची, आणि ती ऐकली की मी कूस बदलून झोपायचे. जबडा बसवून घरी आले तेव्हा माझं नाव घेताना त्यांना घाम फुटला होता. हाक न देता येणारा पहारेकरी कोण ठेवील? तोंड चालवावं लागणार नाही असं काम शोधत ते पुठ्ठे कापायला बसले, आणि त्या पुठ्ठ्यांवर आपण दोघं मोठे झालो.

नाटक आहे गं ताई, असं तू म्हणशील. नाटककाराला बिचाऱ्याला काही माहीत नाही, हेही मला मान्य आहे. त्याने फक्त भित्रा पहारेकरी लिहिला असेल. पण शब्द अडला की मांडीवर दोन बोटं आपटायची, तिसऱ्यांदा आपटताना डोळे मिटायचे आणि मग शब्द ढकलायचा, हे जाड्याला कुणी शिकवलं? हे घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नाही. तालमीत तू करून दाखवलं असशील, सगळे हसले असतील, तुझी कॉलर ताठ झाली असेल. लाज कशी वाटली नाही रे तुला? मार खाणाऱ्याला आधी हास्यास्पद केलं की मारणाऱ्याचा हात स्वच्छ राहतो, एवढं मला अडाणीला तिथे बसून कळलं. हा हात स्वच्छ ठेवायला तू घरातला माणूस दिलास.

आणि आता जे सांगायचं टाळत होते ते. बाबांचे गुडघे दुखतात, ते येणार नाहीत, असं मी तुला कळवलं होतं. ऐन वेळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले, पोराचं काम बघायचंच म्हणाले. आम्ही मागे बसलो होतो. त्या प्रवेशात माझी त्यांच्याकडे बघायची छाती झाली नाही. शेवटी सगळे उभे राहिले तेव्हा तेही उभे राहिले आणि तुझ्यासाठी टाळ्या वाजवत राहिले, लोक निघाले तरी. घरी आल्यापासून ते एक अक्षर बोललेले नाहीत. रुसलेले नाहीत, जेवतात, पुस्तकं शिवतात, गिऱ्हाईक आलं की बोटाने दाखवतात. फोन करू नकोस, ते कानाला लावून नुसते ऐकत बसतील. प्रवेश काढ आणि घरी ये. डोंगरराजाने त्यांचा जबडा मोडला, पण त्यांचं बोलणं काही त्याला बंद करता आलं नव्हतं. ते तू केलंस.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
ताई